अक्रोडाची फळी कोणी मोजू नये

मी, प्रीमुस वुट्टे, वय अठ्ठ्याहत्तर, व्यवसाय शिकारी बंदुकांचे लाकडी दस्ते घडवणे, राहणार फेरलाख, केर्न्टन, ऑस्ट्रिया, स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या शाईने लिहून ठेवतो की आज माझे डोके ठिकाणावर आहे. ते ठिकाणावर नसते असे आमच्या बंदूककार संघातल्या काही सभासदांचे मत आहे; पण हे मत ते दर वर्षी माझे भाषण संपल्यावर मांडतात, आणि तेव्हा ते स्वतःच अर्धवट झोपेत असतात. मी कोणाच्याही धाकाने लिहीत नाही. मला धाक होता तो फक्त माझी पत्नी नोटबुर्गा हिचा, आणि तिला जाऊन नऊ वर्षे झाली. याआधी मी केलेली चारही मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती रागाच्या भरात लिहिली होती. हेही रागातच लिहितो आहे, पण विचार करून.

नोटरीबाई म्हणाल्या की हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला आपल्याकडे साक्षीदार लागत नाहीत. मी त्यांना सांगितले की कायद्याला लागत नसतील, मला लागतात. चाळीस वर्षे भरल्या सभागृहात बोललेला माणूस शेवटचे भाषण रिकाम्या खोलीत करत नसतो.

कलम पहिले : घर. वरच्या तीन खोल्या, खालचा कारखाना, मागची अक्रोडाच्या फळ्या वाळवण्याची शेड, हे सगळे माझी एकुलती एक मुलगी थेक्ला हिला. मी तिच्यावर उपकार करतो आहे असे कोणी समजू नये. छप्पर तिनेच दोनदा शाकारले आहे, मी खाली उभा राहून सूचना दिल्या. अट एकच. कारखान्याच्या उत्तरेकडच्या खिडकीसमोर कोणालाही काहीही लावू, बांधू किंवा वाळत घालू देऊ नये. लाकूड उत्तरेच्या उजेडात पाहायचे असते. दक्षिणेच्या उन्हात काय, खोक्याची फळीसुद्धा सुंदर दिसते.

कलम दुसरे : हत्यारे. एक्केचाळीस पटाश्या, कानशी, रंधे, तेलाचे दगड आणि जवसाच्या तेलाचा अर्धा डबा थेक्लाला. त्यातल्या एका अरुंद पटाशीच्या मुठीवर दातांचे ठसे आहेत. ते माझे आहेत. १९७६ साली एका गिऱ्हाइकाने मी तीन आठवडे हाताने तेल जिरवलेला दस्ता घरी नेऊन त्यावर वॉर्निश मारले आणि कौतुकाने मला दाखवायला आणला, त्या दिवसाचे. ती मूठ बदलू नये. पुढच्या पिढीला कळावे की आमच्या धंद्यात संयम म्हणजे काय.

कलम तिसरे : माझा पुतण्या गेरफ्रीड याला माझी काळी प्लास्टिकची बादली. तिचा रंग त्याच्या बंदुकीशी जुळतो. गेरफ्रीडने सहा वर्षांपूर्वी प्लास्टिकच्या दस्त्याची बंदूक घेतली आणि मला समजावून सांगितले की काका, हे पावसात फुगत नाही. मी म्हणालो की फुगणार कसे, ते कधी जिवंतच नव्हते. या विषयावर माझी मते संघाच्या एकोणीस वार्षिक सभांच्या इतिवृत्तांत नोंदलेली आहेत, तरी इथे थोडक्यात पुन्हा सांगतो. लाकडी दस्ता पावसात न्यायचा. खडकावर आपटू द्यायचा. डोंगरबकऱ्याच्या रक्ताचा डाग पडला तर पडू द्यायचा. घामाने तो गालापाशी काळा होतो, मुठीपाशी गुळगुळीत होतो आणि वीस वर्षांनी तो तुमच्याइतकाच तुमचा होतो. सुंदर लाकूड काचेच्या कपाटात ठेवणारा माणूस प्लास्टिकवाल्यापेक्षा वाईट, कारण प्लास्टिकवाल्याला निदान कळलेले नसते.

कलम चौथे : माझ्या दस्त्यांकडे कसे पाहावे. मी हयातीत दोनशे अठ्ठ्याऐंशी दस्ते केले. ते जगभर गेले आहेत आणि बहुतेक मालक ते चुकीच्या पद्धतीने पाहतात. आधी नळी पाहतात, मग चापावरचे कोरीवकाम, आणि शेवटी लाकडाकडे बघून म्हणतात, वा, छान पॉलिश आहे.

बंदूक आडवी हातात घ्या. खिडकीकडे पाठ करा. दस्ता हळूहळू कलता करा, ताटातले पाणी एका कडेला आणावे तसा. चांगल्या अक्रोडातली नक्षी जागची हलते. उजेडात होते ते अंधारात जाते, काळ्या रेषांच्या मधला मध पुढे येतो, आणि जिथे काही नव्हते तिथून धूर निघाल्यासारखा पट्टा वर चढतो. पुन्हा उलटा कलता करा, सगळे परत. ही नक्षी कोणी काढलेली नाही. ज्या जागी झाडाला आयुष्यभर वजन सोसावे लागले, जिथे खोड मुळांत उतरते किंवा फांदीचा भार घेते, तिथेच ती येते. सरळ, सुखात वाढलेल्या झाडात काही नसते. हे वाक्य मी १९८८ च्या सभेत म्हणालो तेव्हा दोन माणसे रडली होती. त्यातला एक मी होतो.

आणि एक नियम: नक्षी खांद्याकडच्या रुंद भागात हवी, मुठीपाशी नको. मुठीत रेषा सरळ धावल्या पाहिजेत, नाहीतर शिकाऱ्याचा पाय पहिल्यांदा घसरताच दस्ता तिथे मोडतो. जो कारागीर लाकडाच्या मोहात पडून मुठीत नक्षी घेतो, तो कारागीर नव्हे, प्रेमात पडलेला माणूस आहे.

कलम पाचवे : माळ्यावरची फळी. हे कलम लक्ष देऊन वाचावे.

मार्च १९८३ मध्ये माझा मेव्हणा एंगेलबर्ट ओग्रिस याच्या लाकूडगिरणीच्या अंगणातला जुना अक्रोड ओल्या बर्फाच्या भाराने पडला. एंगेलबर्ट, मी आणि नोटबुर्गा अशा तिघांनी तीन दिवस खणून त्याचा बुंधा मुळांसकट काढला. सगळ्यात जास्त नोटबुर्गाने खणले; आम्ही दोघे नक्षी कशी असेल यावर वाद घालत होतो. मग बुंधा गिरणीवर चढवला; कुजका भाग काढून टाकल्यावर मधली एकच जाड फळी धड निघाली. खोऱ्यातली जुनी रीत अशी की दोघांत एक लाकूड असेल तर एकाने कापायचे आणि दुसऱ्याने निवडायचे. म्हणजे कापणारा प्रामाणिक राहतो. एंगेलबर्टने कापले. मी निवडले.

दोन्ही अर्धे भाग जमिनीवर शेजारी ठेवले, मी त्यांवर ओला बोळा फिरवला, आणि डावीकडच्या भागात जे दिसले ते मी आजही डोळे मिटून सांगू शकतो. जळत्या काटक्यांच्या धुरातून सूर्य पाहावा तसा रंग, आणि त्यातून काळ्या रेषा, वळत, फुटत, पुन्हा मिळत. उजवीकडचा भाग स्वच्छ होता, सरळ होता, कोणत्याही शहाण्या माणसाने पावाची फळी म्हणून वापरावा असा. मी डावीकडचा उचलला आणि मागे वळून न बघता घरी आलो.

ती फळी एक्केचाळीस वर्षे माळ्यावर आहे. तिच्या टोकाला नोटबुर्गाच्या हातची पेन्सिलीची तारीख आहे. थेक्ला येत्या नोव्हेंबरात उस्तादाच्या परीक्षेला बसते आहे. परीक्षकांसमोर पूर्ण दस्ता स्वतःच्या हाताने घडवावा लागतो, आणि तो तिला या फळीतून करायचा आहे. तिने तीनदा मागितली. बाजारात अक्रोड मिळतो, पण आईने जमिनीतून ओढून काढलेला मिळत नाही, असे ती म्हणते. मी तिन्ही वेळा म्हणालो की तिची वेळ अजून आलेली नाही.

माझी आज्ञा अशी की माझ्या पश्चात ही फळी माझ्या शवपेटीत माझ्या डाव्या बाजूला ठेवावी. तिच्यावर कापड गुंडाळावे. ती कोणी कापू नये, ओली करू नये आणि मोजू नये. लांबी-रुंदी मोजली तर एक वेळ चालेल. जाडी मोजू नये.

कलम सहावे : एंगेलबर्ट ओग्रिस. नोटरीबाईंनी सांगितले की जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याला त्याच मृत्युपत्रातून काही मिळू शकत नाही. तेव्हापासून माझा कायद्यावर विश्वास बसला आहे. एंगेलबर्ट माझा पहिला साक्षीदार असेल. माझ्याकडे असलेली, त्याने १९८२ साली दिलेली शिडी त्यामुळे त्याला मिळणार नाही. शिडी मुळात त्याचीच आहे, असे नोटरीबाईंनी लक्षात आणून दिले. तरीही.

इथवर १२ जून रोजी लिहिले.

१३ जून. पुढे जाण्याआधी घडलेला प्रकार नोंदवणे भाग आहे, कारण मृत्युपत्रात खोटे राहता कामा नये.

दुपारी थेक्ला चीज भरलेल्या करंज्यांचे ताट घेऊन वर आली. कागद टेबलावर होते. मृत्युपत्र मेल्यावर वाचायचे असते, असे मी तिला सांगितले. ती म्हणाली की तुमची भाषणं आम्ही सगळी जिवंतपणीच ऐकली, हे एकच कशाला सोडायचं. ती उभ्याउभ्याच वाचू लागली. बादलीच्या कलमाला हसली. चौथ्या कलमाशी थांबून तिने नाक पुसले. पाचव्याशी आल्यावर तिने कागद खाली ठेवला, माळ्यावर गेली, आणि खाली आली तेव्हा तिच्या काखेत फळी होती आणि हातात कॅलिपर.

"बाबा, जाडी का नाही मोजायची?"

मी म्हणालो की ही मृतात्म्याची इच्छा आहे. ती म्हणाली की मृतात्मा आत्ता करंजी खातो आहे. आणि तिने मोजली.

एकोणपन्नास मिलिमीटर.

आमच्या धंद्याबाहेरच्या माणसाला यात काही कळणार नाही, म्हणून सांगतो. आमच्याकडच्या दस्त्याला डाव्या अंगाला गाल टेकवायला उंचवटा असतो. त्यासाठी फळी साठ मिलिमीटर तरी जाड लागते. एंगेलबर्टच्या गिरणीतून निघालेला उजवा, कोरा भाग बासष्ट होता, असे नंतर खोऱ्यात कानावर आले. डावा एकोणपन्नास. करवत तिरपी गेली होती. मी नक्षी पाहिली आणि मोजायचे विसरलो. शिकाऊ मुलांना मी ज्या चुकीसाठी कारखान्याबाहेर काढले असते, ती मी केली. कॅलिपर माझ्या कोटाच्या खिशात होता. मी त्याच संध्याकाळी घरी येऊन मोजले, आणि तेव्हापासून फळीची वेळ आलेली नाही.

थेक्ला म्हणाली की उंचवट्याशिवाय करता आला असता की. डोंगरबकऱ्याच्या शिकारीची हलकी एकनळी बंदूक, बारीक दस्ता, सपाट गाल. त्याला एकोणपन्नास पुरून उरतात.

मी तिला आठवण करून दिली की उंचवटा नसलेला दस्ता म्हणजे होडीचे वल्हे, हे मी १९८४ च्या सभेत सिद्ध केलेले आहे. पुन्हा १९९२ मध्ये, दोन तास बोलून. त्या भाषणानंतर खोऱ्यातल्या तीन कारागिरांनी सपाट दस्ते करणे सोडले. एकाने धंदाच सोडला.

ती माझ्याकडे बघत राहिली. नोटबुर्गाही अशीच बघायची, पावती नसलेल्या वस्तूकडे.

"म्हणजे बाबा, ते दोन तास या तेरा मिलिमीटरसाठी होते?"

मी आयुष्यात अनेक प्रश्नांना लांब उत्तरे दिली. याला मी फक्त होकाराची मान हलवली.

मग मी तिला खरे ते सांगितले. तेरा मिलिमीटरची लाज पहिली पाच वर्षे होती. नंतर दुसरेच भय बसले. वरून दिसणारी नक्षी आत किती जाते हे कापल्याशिवाय कोणालाच कळत नाही. कधीकधी ती साय असते, खाली दूध. मी निवडली, तिच्यासाठी भांडलो, तिच्यासाठी एक आख्खे तत्त्वज्ञान उभे केले. ती आतून कोरी निघाली तर मी कोण उरतो? बंद पेटीत ती कायम सुंदर राहील.

थेक्ला म्हणाली, "कोरी निघाली तर कोरी. आईने खणलेली आहे, मी कोरीच घडवीन. पण पेटीत घालून तुम्ही ती तुमची करता, बाबा. माझी होऊ देत नाही."

मी म्हणालो, विचार करतो. ती ताट घेऊन गेली. दोन करंज्या शिल्लक होत्या, त्याही नेल्या.

१४ जून. एंगेलबर्ट सकाळी सही करायला आला. आम्ही एक्केचाळीस वर्षांत अंत्यविधी आणि संघाची मतदाने सोडून बोललेलो नाही. थेक्लाने त्याला फोनवर काय सांगितले ते मला ठाऊक नाही, पण तो टोपी हातात धरून आला. टोपी हातात घेतलेला एंगेलबर्ट मी फक्त चर्चमध्ये पाहिला आहे.

मी त्याला सरळ विचारले की करवत मुद्दाम तिरपी धरलीस का.

"मुद्दाम कशाला धरू, दाजी? बुंध्यात दगड होता. पातं सरकलं. मला कापतानाच कळलं होतं."

मग बोलला का नाहीस, मी विचारले.

तो टोपीची कड फिरवत राहिला. खोऱ्यात तीन पिढ्यांची गिरणी, आणि ओग्रिसची करवत तेरा मिलिमीटर भरकटली हे आपल्या तोंडाने कसे सांगायचे, असे म्हणाला. त्याला वाटले मी मोजीन, शिव्या देईन, आणि बासष्टवाला भाग घेऊन जाईन. "तुम्ही ओला बोळा फिरवलात आणि तुमचं तोंड बघून मी गप्प बसलो. कॅलिपर खिशातून डोकावत होता, दाजी. मी त्याच्याकडेच बघत होतो." त्याच वर्षीच्या नाताळात तो आपला जाड भाग घसरगाडीवर घालून आमच्या दारात आला होता. मी समजलो तो चिडवायला आलाय, आणि दार उघडले नाही. तो बर्फात पाऊण तास उभा होता, हे नोटबुर्गाने मला कधी सांगितले नाही. मात्र त्या रात्री मला जेवण वाढले नाही, त्याचे कारण आज कळले.

आपल्या भागाचे काय केलेस, मी विचारले. त्याने साधा दस्ता केला. चाळीस शरद ऋतू तो पावसात नेला. आता गालापाशी काळा झाला आहे. पाहायला मागायला मला लाज वाटली, म्हणून मागितला नाही. उद्या मागीन.

हे सगळे झाल्यावर मी पुढील बदल लिहितो:

कलम पाचवे रद्द. फळी माझ्या मालमत्तेतून वगळावी, कारण ती आता माझी नाही. आज सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी मी ती थेक्लाच्या हातात दिली आहे, जिवंतपणी, साक्षीदारांसमोर, आणि भाषण न करता.

शवपेटीत काही ठेवू नये. मी एकटा पुरेसा आहे.

उंचवटा नसलेला दस्ता हाही दस्ताच असतो. हे वाक्य मी संघाच्या नोव्हेंबरच्या सभेत उभा राहून म्हणणार आहे. दोन तासांचे मत मागे घ्यायला किमान चाळीस मिनिटे लागतील, तेवढी मला द्यावीत. धंदा सोडलेल्या कारागिराचे नाव क्सावर प्राश्निक. तो आता दूध गोळा करतो. त्याची माफी मी घरी जाऊन मागीन. त्यासाठी मृत्युपत्राची वाट पाहणार नाही.

गेरफ्रीडची बादली कायम.

कलम सातवे लिहायला घेतले होते, पण खाली करवतीचा आवाज सुरू झाला आहे. तिने आकार पेन्सिलीने आखला, तो मी पाहिला. खांद्याचा भाग बरोबर आहे, मुठीपाशी तिने रेषा सरळ घेतल्या आहेत का हे मला वरून कळत नाही. आवाज बदलला. ती मुठीच्या वळणाशी आली आहे. बाकीची मालमत्ता कायद्याप्रमाणे वाटावी.

प्रीमुस वुट्टे
फेरलाख, १४ जून २०२४

आम्ही खालील तिघे लिहून देतो की मृत्युपत्रकर्त्याने आमच्या डोळ्यांदेखत, पूर्ण शुद्धीत, मात्र उभ्याने आणि एक हात ॲप्रनमध्ये घातलेला असताना वरील सही केली. आम्ही सह्या करायला खुर्च्यांवर बसतो न बसतो तोच तो जिना उतरून गेला होता. म्हणून कागद खाली कारखान्यात नेले आणि सह्या कामाच्या मेजावर केल्या. कागदावरचे तपकिरी डाग अक्रोडाच्या भुशाचे आहेत, त्यांनी मजकुरात फरक पडत नाही.

हेर्मिने श्टुल्लर, समोरची बेकरी
लेओपोल्ड ड्राउसनिक, निवृत्त पोस्टमन
एंगेलबर्ट ओग्रिस, लाकूडगिरणी

पहिला साक्षीदार मी आहे, पण सही शेवटी करतो, कारण थेक्लाने मला फळी धरायला थांबवलं होतं. मला यातून काही मिळणार नाही हे वाचलं, मान्य आहे. कापलेल्या कडेवर ओला बोळा मी फिरवला. दाजींनी फिरवला नाही, ते भिंतीकडे तोंड करून उभे होते. काळ्या रेषा आरपार आहेत. मी त्यांना तसं सांगितलं, तर ते म्हणाले, तुझ्यावर विश्वास नाही, थेक्ला, तू बघ. तिने बघितलं. मग ते वळले.